पंचेचाळीस वर्षांनी लग्नाची नोंद

वासंतीताई केतकरांनी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्तीनंतर शिट्टी सुटली, आवाज काही सुटला नाही. पण पुतण्या आमोद सोफ्यावर रेलून म्हणाला, "काकू, खडकवासल्याच्या पुढे वृद्धांना सांभाळणारं एक केंद्र आहे, काकांना तिथे ठेवू. तसा कायद्याचा कागद तुमच्याकडे आहे तरी कुठला?" तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. उठल्या, त्याच्यापुढचा अर्धा भरलेला चहाचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला.

प्रश्न मात्र खरा होता. त्यांच्या यजमानांना, शरच्चंद्रांना, दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. पोटी मूल नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, कोर्टाकडून तुम्हाला त्यांचं पालक नेमून घेता येईल, मग त्यांना घरातून कुणी हलवू शकणार नाही. पण आधी लग्नाचा दाखला आणा. दाखला असणार कुठून? १९८० साली सदाशिव पेठेतल्या कार्यालयात अडीचशे माणसं जेवून गेली. त्यावर आणखी कागद लागतो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लग्नाची नोंद करायला कर्वेनगरहून रिक्षानं महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात खेपा सुरू झाल्या. आधार कार्डं झाली, लग्नपत्रिका झाली, गाडी अडली ती लग्नाच्या फोटोवर. फोटो काढायचं काम वासंतीताईंच्या मामांकडे होतं. मामांकडे रोल एकच आणि त्यांचा सगळा जीव पंगतीत. छत्तीसातले एकोणतीस फोटो जिलब्या वाढतानाचे. नवरा-नवरी एकत्र होते ते एकाच फोटोत, आणि तोही अंतरपाट खाली यायच्या आतला.

टेबलामागच्या पूर्णिमा मॅडमनी फोटो लांब धरून पाहिला. "आजी, अंतरपाट छान आलाय. नवरा-नवरी कुठे आहेत?"

"त्याच्या दोन्ही बाजूंना."

"ते तुम्हाला माहीत. मला दिसायला नको?" मग त्या जरा नरमल्या. "लग्नाला हजर होते असे तीन साक्षीदार आणा. आणि आजोबांना. त्यांनी माझ्यासमोर सही करायला हवी."

अडीचशेतली हयात, हिंडती-फिरती आणि पुण्यातच असलेली माणसं शोधायची म्हणजे घाम काढणारं काम. नणंद मंदाकिनी होती. बाकी दोघे सापडले जिलब्यांच्या फोटोंत, परात घेऊन उभे असलेले शरच्चंद्रांचे मित्र. मामांना आयुष्यभर नावं ठेवल्याचं वासंतीताईंना पहिल्यांदा वाईट वाटलं.

शरच्चंद्र सकाळी अकरापर्यंत बरे असत. म्हणून साडेनऊलाच सगळी वरात कार्यालयात हजर. दहाला सर्व्हर बंद पडला. अकरा वाजले. बारा वाजले.

"उद्या या," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या.

"उद्या यांच्या मित्राचं डायलिसिस आहे. मी इथून हलणार नाही."

साडेबाराला सर्व्हर सुरू झाला. तोवर शरच्चंद्रांनी वासंतीताईंना अदबीनं विचारलं होतं, "अहो, आपण कुणाची वाट बघताय?" पंचेचाळीस वर्षं 'अगं' म्हणणारा माणूस 'अहो' म्हणाला की आपली ओळख पुसली गेली, हे त्यांना कळे.

"आजोबा, ह्या कोण तुमच्या?" मॅडमनी विचारलं.

शरच्चंद्रांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "ओळखत नाही. पण सकाळपासून शेजारी बसून आहेत. मला पाणी दिलं. बाई भल्या दिसतात."

मंदाकिनीनं पदर तोंडाला लावला. संपलं सगळं, असं वासंतीताईंना वाटलं. तरी त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, पत्रिका आहे, तीन साक्षीदार आहेत. यांना आज आठवत नाही, म्हणून तेव्हाचं लग्न झालं नाही असं होत नाही. तुम्ही त्यांना नीट समजावून विचारा."

पूर्णिमा मॅडम खुर्चीतून उठून बाहेर आल्या. शरच्चंद्रांपुढे फॉर्म धरून त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला. "आजोबा, यांच्याशी तुमचं लग्न झालंय, त्याचा हा कागद आहे. सही कराल?"

शरच्चंद्रांनी पेन घेतलं. पण सही केली नाही. शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि वासंतीताईंकडे वळले.

"आपली काही हरकत नाही ना?"

"नाही," वासंतीताई म्हणाल्या. इतक्या खेपांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू आला. "तेव्हाही नव्हती."

शरच्चंद्रांनी समाधानानं मान हलवली आणि पूर्ण नावाची सही करून खाली रेघ ओढली.