शिंकणारा पूर्वज

प्रिय इरा आणि नील,

दुबईत अल कुसैसला मीनलआत्याकडे सुखरूप पोचले. तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नायजेरियातल्या अन्नांग समाजाचं जोडपं राहतं, इमे आणि इदारा. इमे रोज माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवतो आणि एसीच्या गारव्याने तीन शिंका देतो. तिसरी अगदी शिटीसारखी.

रविवारी इदारा म्हणाली, "मम्मा, आज आमचा एक्पो (मुखवट्यातून भेटायला येणारा पूर्वज) आहे. चला!" हे मुखवटे पुरुषांच्या मंडळाचे. आत कोण आहे ते बायकांनी ओळखायचं नाही. बाईने नाव घेतलं, की त्या माणसाला पुन्हा मुखवटा मिळत नाही.

"आज एकजण पहिल्यांदाच घालणार आहे. दोन वर्षं वाट बघतोय बिचारा," असं म्हणून ती छताकडे बघू लागली. इमे म्हणे ऑफिसला गेला होता. रविवारी!

हॉलमध्ये आधी जेवण. कसाव्याच्या पिठाचा गोळा भेंडीच्या रश्शात बुडवून गिळायचा असतो. मी चावला, तर पंगत हसली.

मग ढोल वाजले आणि एक्पो आला. काळाकुट्ट लाकडी चेहरा, वाकडे दात, गवताचा झगा, अंगाला कोळसा. हॉलवाल्यांनी खऱ्या कोयत्याला नाही म्हटल्यामुळे हातात पुठ्ठ्याचा कोयता. बायका किंचाळत पळाल्या. मी माझ्या गुडघ्यांसकट खुर्चीतच. एक्पोने माझ्यापुढे कोयता उगारला आणि तो शिंकला. तीनदा. शिटीसकट.

"शतंजीव!" मी सवयीने म्हणाले. पूर्वजाला!

ढोल थांबले. मंडळाचे वयस्कर प्रमुख पुढे आले. "मॅडम, याला ओळखता?" इदाराने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या पूर्वजांना मी कशी ओळखणार? आमच्याकडे शिंकणाऱ्या कुणालाही म्हणतात."

"मग पळत का नाही?"

आली का पंचाईत! मी पदर खोचला आणि धावले. एक्पो मागे. पण हा गुणी मुलगा मला झेपेल अशा बेताने पावलं टाकू लागला. माझी पर्स पडली, तर वाकून उचलली आणि अदबीने पुढे केली!

"जोरात ये, मेल्या! यल्ला!" मी दबक्या आवाजात खेकसले. बहुधा यल्ला (अरबीत 'चल, लवकर') तेवढं कळलं. त्याने अशी डरकाळी फोडली, की मी खरोखरच किंचाळले.

प्रमुखांनी मान डोलावली. "दमदार पूर्वज आहे." ढोल पुन्हा सुरू झाले.

घरी परतताना लिफ्टमध्ये इमे भेटला. कानामागे कोळसा तसाच. "मम्मा, कसा झाला कार्यक्रम? मला नेमकं ऑफिस."

"चुकवलंस रे. असलं भयंकर भूत मी जन्मात पाहिलं नाही."

दहाव्या मजल्यापर्यंत तो गालातल्या गालात हसत होता.

नेहमी खरं बोला, असं मी तुम्हाला सांगत आले आणि अजूनही सांगते. पण समोर कुणी मन लावून भूत झालं असेल, तर पळून मोकळं व्हावं.

तुमची आजी