सोय, सवय आणि सय

मी शाळेत मराठी शिकवतो. सोय, सवय आणि सय या शब्दांत मुलं नेहमी गोंधळतात. सोय म्हणजे व्यवस्था, सवय म्हणजे अंगवळणी पडलेली गोष्ट आणि सय म्हणजे आठवण, असं मी फळ्यावर लिहून देतो.

नव्वदच्या दशकात आई गेली आणि वडील हिंगोलीजवळच्या आमच्या गावी, गोरेगावात एकटे राहिले. मी हिंगोलीहून रोज जीपवाल्याकडे त्यांचा डबा द्यायचो. सोय झाली, असं चार लोकांत सांगायचो. हळूहळू माझं जाणंच बंद झालं. संध्याकाळी डबा घासून परत यायचा, पण रिकामा कधीच नाही. त्यात चिंचा, बोरं, तुरीच्या शेंगा असं काहीतरी असायचंच. जुन्या माणसांची सवय, असं मी समजायचो.

एकदा डबा न उघडताच परत आला. घाबरून सकाळच्या पहिल्या जीपनं गेलो, तर वडील ओट्यावर मजेत बसलेले.

"काहून जेवला नाहीत?"

"तुझी वाट पाहून राहिलो ना! डबा तसाच धाडला की लेकरू येतंय बराबर," ते हसले. "बस, पिठलं टाकतो."

"माझी शाळा बुडते, बाबा," मी चिडून म्हणालो आणि त्याच जीपनं परतलो.

दुसऱ्या दिवशी डबा आला तो घासलेला, पण रिकामा. वडील होते तोवर तो तसाच येत राहिला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता मीही घरात एकटाच असतो. शेजारच्या वहिनी कधी भाजीची वाटी देतात. परत करताना मी तिच्यात मूठभर शेंगदाणे टाकतो.

"जुनी सवय वाटतं, गुरुजी?" त्या हसून विचारतात.

मी हो म्हणतो.