श्यामरावबाबांचं पिस्तूल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत आहे, पण हे तिलाही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा कदाचित – आता गप्प बसणं जमत नाही म्हणून.

मी देवळीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. जुन्या वस्तूंचा मला लहानपणापासून नाद. नाणी, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं. वस्तू हातात आली की मला राहवत नसे – कुणी केली, कुठून आली, इथे कशी पोचली? हळूहळू आजूबाजूच्या गावांत नाव झालं. घरात काही जुनं निघालं की लोक म्हणत, सरांना दाखवा. ते नाव मला आवडायचं. फार आवडायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

एका रविवारी नाचणगावहून विलास आला. तिथला शेतकरी, माझा जुना विद्यार्थी. सोबत त्याची बायको सुनंदा आणि वडील श्यामरावबाबा. घराची कौलं उतरवताना आढ्याच्या खाचेत एक पुडकं सापडलं होतं. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं छोटंसं रिव्हॉल्व्हर. सापडलं म्हणजे मुलाला आणि सुनेला. बाबांना ते तिथे आहे हे ठाऊकच होतं, वडिलांनी ते त्यांच्यासमोरच तिथे ठेवलं होतं, कुणाला दाखवायचं नाही असं बजावून.

बाबांचे वडील पुलगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये बॉयलरवर कामाला. एकदा वाफेचा नळ फुटला, आणि त्यांनी तिथल्या गोऱ्या इंजिनिअरला ओढून बाहेर काढलं. साहेब वाचला, यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो पुढे कधी नीट वळला नाही. साहेब विलायतेला परत जाताना स्वतःच्या खिशातलं पिस्तूल त्यांना देऊन गेला. ही गोष्ट बाबा आयुष्यभर सांगत आले होते, आणि गाव आयुष्यभर हसत आलं होतं.

विलासला किंमत हवी होती. सुनंदाला धास्ती होती – परवाना नाही, पोलिसांचं लचांड मागे लागायचं. आणि बाबांना? त्यांना काहीच नको होतं. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी भिंग काढलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी खूप खूश होतो. असली वस्तू माझ्या हातात कधी आली नव्हती. तळहातात मावेल एवढं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्यावर चौकड्या कोरलेल्या. चाप घडी होऊन पोटाखाली मिटत होता, चाकूच्या पात्यासारखा, आणि त्याच्याभोवती कडी नव्हती. गोळ्यांचं चक्र गंजून घट्ट बसलेलं. समोरच्या भोकांत कुंभारीण माशीनं माती भरलेली. बाजूची झडप उघडली तर दिसणारा कप्पा रिकामा. कुठे नाव नाही, गाव नाही. एका जागी लंबगोलात काही अक्षरं होती, पण गंजाखाली वाचता येईनात.

मग मी घोडा मागे ओढून बघितला. काडतुसाच्या मधोमध ठोका मारायला घोड्याला अणकुची हवी, एवढं मला ठाऊक होतं. इथे अणकुची नव्हतीच. घोड्याचं तोंड छिन्नीसारखं चपटं, आणि तेही मधोमध न येता वरच्या कडेला येत होतं. म्हणजे हे गोळी उडवणार कसं?

मला ठाऊक नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं – मला ठाऊक नाही, जाणकाराला दाखवू. किती सोपं वाक्य! पण तिघं माझ्याकडे बघत होती, आणि मी सर होतो.

मी म्हणालो, "खोटं आहे. शोभेचं. यातून गोळी उडूच शकत नाही."

सुनंदानं सुटकेचा श्वास सोडला. विलास हसला. बाबांनी फडकं उचललं, आणि पिस्तूल पुन्हा नीट गुंडाळलं.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पुढचं ऐका.

पंधरवडाभरानं शाळेच्या एनसीसीच्या मुलांचा गोळीबाराचा सराव होता, मी सोबत गेलो होतो. मैदानात रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. सवयीनं एक उचलली, उलटी केली. तिच्या बुडावर मधोमध काहीच नव्हतं. खूण होती ती कडेला. दुसरी उचलली, तिसरी – सगळ्यांवर कडेलाच. या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला त्याच्या कडेत भरलेला असतो. घाव कडेवरच बसावा लागतो. म्हणून त्या घोड्याचं तोंड चपटं होतं! म्हणून ते वर येत होतं!

मला काय वाटलं असेल? लाज? नाही – आधी आनंद झाला. कोडं सुटल्याचा निखळ आनंद. घरी येऊन फोनवर शोधत बसलो. घडीचा चाप, चौकड्यांची मूठ, लंबगोलातला शिक्का. बेल्जियमच्या लिएज शहरात अशी खिशातली रिव्हॉल्व्हरं ढिगानं बनत. चित्रामागून चित्र बघत होतो, आणि मधेच लक्षात आलं – बाबा खरं सांगत होते. आता नाचणगावला जायला हवं.

गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. वस्तू खरी ठरली तर पोलिसांत द्यावी लागेल, बिचाऱ्यांना कशाला त्रास – असंही स्वतःला सांगितलं. ते खरं कारण नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं.

गणपतीत नाचणगावच्या मंडळानं नाटक बसवलं आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं. पुढच्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर सावकाराला गोळी घालतो. सावकार झाला होता विलास. आणि इन्स्पेक्टरनं कमरेचं पिस्तूल काढलं, तर – तेच. विलासनंच दिलेलं, आणि मंडळाच्या पोरांनी सायकलच्या दुकानात तेल घालून ते मोकळं केलेलं. चक्र फिरत होतं.

प्रेक्षकांतून बाबा उठले. काठी टेकत थेट स्टेजपाशी गेले.

"थांबवा! खरं आहे ते. माणसावर रोखू नोका!"

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, बसा खाली! सरांनी सांगतलं ना, खोटं आहे म्हून!"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांनीसुद्धा.

मी झडपेतून एकच कप्पा बघितला होता. बाकीचे बघितलेच नव्हते. हे त्या क्षणी मला स्वच्छ आठवलं. उठून एक हात वर करायचा होता. एवढंच.

मी हसलो. मान हलवली – हो, खोटं आहे, चालू द्या – अशी.

इन्स्पेक्टरनं विलासच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला. खट् झालं. मागे कुणीतरी फटाका वाजवला, विलास कोसळला, टाळ्या पडल्या. तो उठून उभा राहीपर्यंत मी श्वास घेतला होता की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अभ्यासाला हवं म्हणून मी मंडळाकडून ते मागून घेतलं. घरी उन्हात बसून चक्र एकेक घर पुढे सरकवलं. एका कप्प्यात हिरवट काहीतरी अडकलेलं होतं. पुढून माती कोरली, पेन्सिलीनं ढकललं, तर तळहातावर काडतूस पडलं. गोळीसकट. हिरव्या पितळेच्या कडेवर एक ताजा, चकचकीत घाव होता. घोडा बसला होता, बरोबर जिथे बसायला हवा तिथे. आतला मसाला मेलेला होता, म्हणून विलास जिवंत होता.

ते काडतूस मी पुलगावच्या पुलावरून वर्धा नदीत टाकलं. का? पुरावा बाबांच्या बाजूचा होता म्हणून. आणखी काय कारण देऊ?

पिस्तूल परत द्यायला गेलो तेव्हा बाबा ओट्यावर एकटेच होते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"सर, तुमी नीट पायलं ना?"

"हो बाबा."

"मंग साहेबानं माह्या बापाले खेळणं देल्लं म्हणता?"

मी पिस्तूल त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"हात गेला हो त्याचा. भाकर मोडता नोती येत त्याले. अन् मराच्या दिवसापावतर म्हणे, साहेब मोठ्या मनाचा होता." मग त्यांनी विचारलं, "फसवलं का त्यानं माह्या बापाले? सांगा ना, सर."

समोर फक्त तो म्हातारा होता. गाव नव्हतं, रांग नव्हती, कुणी हसणारं नव्हतं. तिथे तरी सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "तसंच दिसतं, बाबा."

त्यांनी पिस्तूल उचलून हातात घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं, तो मेल्यावर समजलं." आणि त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या गाडीवर त्यांनी ते फेकलं. त्याच्याकडून काही घेतलं नाही, असं सुनंदा सांगत होती.

पुढे नागपूरच्या एका जाणकाराला मी नावगाव न सांगता विचारलं – असल्या रिव्हॉल्व्हरची किंमत काय? तो म्हणाला, नुसत्या वस्तूची फारशी नाही, अशी खूप बनली. किंमत ठरते ती कुणाकडून कुणाला, कशी मिळाली त्यावर. ते सांगणारं कुणी आहे का?

मी म्हणालो, नाही.

बाबा त्यानंतर दोन उन्हाळे जगले. साहेबाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. त्यांच्या तेरवीला मला विलासनं मानानं पाटावर बसवलं, पहिलं पान माझं वाढलं, आणि पंगतीला सांगितलं, "बाबाचा सरांवर लय भरोसा होता." मी जेवलो. आग्रह झाला तेव्हा पुन्हा वाढूनही घेतलं.