गयाअक्काच्या शब्दावर दिलेली उखळं

आमच्या नव्या गावात रस्ते फूटपट्टीनं आखलेले आणि घरांना नंबर. पण गयाअक्काला पत्ता विचारला की ती भूकंपात गेलेल्या गावातला सांगायची. नवा पोस्टमन बिचारा उन्हात उभा, आणि ही म्हणते, "कोंडाबाई व्हय? पाराच्या मागं, तांबोळ्याच्या भिंतीला लागून." तो म्हणाला, "पार कुठाय इथं?" "इथं न्हाई. पर कोंडाबाई तिथलीच हाय!"

अक्का अंगणवाडीतून निवृत्त झालेली. मूलबाळ नाही, पोरक्या पुतण्याला, दिगंबरला, तिनंच वाढवलं. "सरकारनं घर दिलं, गल्ली कोण देणार?" हे तिचं पालुपद. दिगंबर सरपंच झाला आणि समाजमंदिराची एक खोली जुन्या गावाच्या वस्तूंसाठी द्यायचं त्यानं चारचौघांत कबूल केलं. अक्का लई हरखली.

ढिगारे उपसले तेव्हा आमच्या बायकांनी आपापलं दगडी उखळ ओळखून आणलं होतं. भूकंपाच्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं त्याच्यापुढंच पान वाढतात. ते त्या खोलीसाठी कोण सुखासुखी देणार? कोंडाबाई तर फणकारली, "माझ्या सासूची तेवढीच खूण हाय." अक्का म्हणाली, "मी हाय की. माझ्या शब्दावर दे." कोंडाबाईनं दिलं, मग सगळ्यांनीच दिलं.

पुढं अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला गेली आणि बहिणीकडं राहिली. परत आली तर खोलीत दिगंबरचं संपर्क कार्यालय, आणि वेशीवर 'भूकंप स्मृती कमान', वर त्याचाच फोटो. उखळं फोडून कमानीच्या पायात भरली होती. वर हसून म्हणतो कसा, "कमानीतच तर हायेत सगळे! याच्याहून मोठी आठवण कोणती, अक्का?" अरे मेल्या, चांगले पांग फेडलेस!

अक्का तिथून तडक निघाली. घरोघर जाऊन स्वतःच सांगून आली, "तुमचं उखळ मी घालवलं." कोंडाबाईनं दार लावून घेतलं, ती पुन्हा कधी तिच्याशी बोलली नाही. तेव्हापासून अक्का एसटीला जाताना कमानीखालून जायची नाही, मागच्या बांधानं जायची. मी ओरडायचे, "अगं अक्का, पडशील की!" तर म्हणायची, "माणसांवर पाय देऊन जाऊ व्हय?"

यंदा पावसाळ्यात ती गेली. पहिला खांदा दिगंबरचा. त्यानं तिरडी मुद्दाम कमानीखाली थांबवली, हार घातला, फोटो काढून घेतले. आम्ही सगळे खाली मान घालून त्याच्या मागं गेलो, याचा मला अजून संताप येतो.

कोंडाबाई तेवढी बांधाकडं वळली. काठी टेकत, चिखल तुडवत ती स्मशानात पोचली तेव्हा अग्नी देऊन झाला होता.