साहेबांच्या दाढीचा नवस

वरच्या मजल्यावरचा अमेरिकन म्हणजे ह्यांच्या ऑफिसातला साहेब. अल-खोबरला आखाती युद्धाची चाहूल लागली तशी त्याची बायको मायदेशी निघून गेली आणि हा बाबा रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. ह्यांचे मित्र मला वहिनी म्हणायचे, म्हणून तोही 'वहिनी' म्हणायचा आणि हक्काने आणखी एक थालीपीठ मागायचा.

दाढी पार छातीपर्यंत. तिच्यात लोणी अडकायचं, मला बघवायचं नाही. शेवटी विचारलंच, "अहो, ही ठेवलीत तरी कशाला?" झालं! गडी सुटला. साठचं दशक सरताना हा कॉलेजात होता. व्हिएतनामच्या लढाईसाठी पोरांना सक्तीने सैन्यात नेत होते. ह्याने आपला बोलावण्याचा कागद भर चौकात जाळला, प्राचार्यांच्या खोलीत ठिय्या दिला, काठ्या खाल्ल्या, अश्रुधुरात नाक गळेपर्यंत घोषणा दिल्या. कॉलेज बंदच पडलं.

"आमच्याकडे कॉलेज बंद पाडायला एवढी मेहनत लागत नाही हो," मी म्हटलं.

तेव्हाच त्याने शपथ घेतली होती, अमेरिका लढाया करायची थांबेपर्यंत गालाला वस्तरा लावणार नाही. म्हणजे नवसच की! आणि नशीब बघा, ह्याचाच मुलगा स्वखुशीने सैन्यात भरती झाला. तेव्हापासून बापलेकांत अबोला. आता तो मुलगा इथेच, वाळवंटात सरहद्दीजवळ कुठेतरी होता. नक्की कुठे, ते बापाला ठाऊक नव्हतं. हे सांगताना साहेबाचा घास हातातच राहिला.

मग क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे सुरू झाले. विषारी वायूच्या भीतीने आम्ही मधली खोली चिकटपट्ट्यांनी बंद केली होती. भोंगा झाला की साहेब आपला गॅसचा मुखवटा घेऊन धडधडत खाली यायचा. पण मुखवटा दाढीवर बसेल तर शपथ! चहूबाजूंनी फटी. एकदा व्हॅसलीन फासून पाहिलं. पुढच्या वेळी मी वैतागून खोबरेल चोपडलं. बाहेर आकाशात धडामधुडूम, आणि आत आमची लेक ओरडतेय, "अंकल, दाढी बाहेर येतेय!" ह्यांना हसू आवरेना, मुखवट्याची काच धुरकटली, आंधळ्यासारखे जाऊन कपाटावर आदळले.

"काढून टाका ना ती! तुम्ही मेलात तर शपथ काय मी पाळू?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी."

"डोंबलाचं तत्त्व!"

एका संध्याकाळी बातमी आली की अमेरिकेच्या फौजा सरहद्द ओलांडून पलीकडे शिरल्या. साहेब भोंगा नसताना खाली आला. जेवेना. ताट बाजूला सारून म्हणाला, "वहिनी, तुमच्यात नवस बदलता येतो का? लढाया थांबोत, हा जुना. त्याऐवजी नुसता माझा पोरगा परत येऊ दे."

मी म्हटलं, आमच्यात देवाला केस वाहतात, पण काम झाल्यावर. आमचा देव ॲडव्हान्स घेत नाही.

"एवढा धीर नाही मला," तो म्हणाला.

ह्यांनी माझी शिवणाची कात्री घेतली, मग वस्तरा. साहेब डोळे गच्च मिटून बसला. आतून इवलीशी गोरीपान हनुवटी निघाली, तीन ठिकाणी कापलेली. तिथे आपल्या पूजेला बंदी, म्हणून आमचे देव तांदळाच्या डब्यामागे, कपाटात. मी तो डबा सरकवला, दाढी स्टीलच्या ताटात ठेवली आणि साहेबाला हात जोडायला लावले. मागे हे खुसुखुसु हसत होते. मी असे डोळे वटारले की गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी हे त्या दाढीचं पुडकं समुद्रात सोडायला गेले, तर शिपायाने अडवलं. लढाईचे दिवस, संशयास्पद पुडकं! त्याने लांबून काठीने उघडलं. आतले करडे केस पाहिले, ह्यांचे गुळगुळीत गाल पाहिले आणि "यल्ला, यल्ला" करत हाकलून दिलं. ह्यांनी ते पुढे जाऊन सोडलं.

लढाई थांबली. पण मुलाचा पत्ता नाही. साहेब रोज यायचा, जेवायचं नाटक करायचा. एका संध्याकाळी दारात धुळीने माखलेला उंचनिंच सैनिक उभा. समोर बसलेल्या साहेबाकडे बघून त्यालाच विचारतो, "माफ करा, माझे वडील इथे जेवायला येतात म्हणे?"

"मीच तो," साहेब म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. मुलगा आधी हसला, मग तोही रडला. मी तर ओट्याला टेकून भोकाड पसरलं.

मुलगा परत छावणीत गेला, तेव्हा मी साहेबाला म्हटलं, "नवस फिटला. आता खुशाल वाढवा दाढी, लोण्याचं मी बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी आला तो पुन्हा गुळगुळीत, गालावर ताजा काप.

"अहो, लढाई संपली ना?"

"ही संपली, वहिनी. पोरगा अजून सैन्यातच आहे."