कुंभारणीची वाटी

ओल्या मातीचा वास आला म्हणून वर पाहिलं, तर सांगलीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत कुंभारीण माशी घर बांधत होती. काठ बाहेर वळवलेली इवलीशी मातीची वाटी. शेजारच्या बाईंनी लगेच हात जोडले. "मोडू नका हं, पाळणा हलणार घरात!" मला हसू नाही, शिसारी आली. वाटीचा आकार दिसला की आपल्या लोकांचे हात आपोआप जुळतात. आमच्या कॉलेजच्या बागेत कृष्णवड होता. त्याचं पान देठापाशी वळून द्रोण होतो. पाहुणे त्यात देवाचं लोणी शोधायचे. झाडाच्या वाढीतली एक खोड, बाकी काही नाही. पण तसं म्हटलं की म्हणायचे, "लय शिकली." होय, शिकले. घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि मी ती मिरवते.

पलूसला माझ्या चुलतीचा या माशीवर फार जीव. सुनेवर नव्हता. वहिनीला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं, आणि कुंभारणीनं घर केलं की पोर येतं ही चुलतीची खात्री. म्हणून रंग देतानासुद्धा चौकटीवरचा माशीच्या घरांचा पट्टा सोडायचा. "माशीला कळतंय रं, हिला कळंना," असं ती मुलाला चारचौघांत ऐकवायची. आणि माझा तो चुलतभाऊ, फौजेत छाती काढून चालणारा गडी, मान खाली घालून जेवायचा. शेवटी ठरलं: वहिनीला इस्लामपूरला माहेरी धाडायचं आणि दुसरी बघायची.

वहिनीनं मला गाठलं. "वन्सं, ह्यात आत काय असतंय वो?"

मी सांगितलं. माशी आत वर एक अंडं टांगते, मग अळ्यांना नांगी मारून लुळं करते, आत कोंबते, तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू त्या अळ्या जित्या खातं.

"मंजी आशीर्वाद न्हवं, शिधा हाय त्यो."

नव्या स्थळाचा मध्यस्थ चहा पीत बसला होता, तेव्हाच वहिनी उलथनं घेऊन आली. एक वाटी खरवडली आणि चुलतीपुढं बशीत फोडली. आत हिरव्या अळ्या.

"आवं आत्याबाई, बघा तुमचा नातू. मी दवाखान्यात जाऊन आलीया, माज्यात खोट न्हाई. आता ल्योकाला न्या."

"पाप केलंस गं! घर मोडलंस!"

"कुनाचं? माशीचं का माजं?"

सगळे भावाकडं बघत होते. एक 'जातो' म्हटलं असतं, तर वहिनी राहिली असती. तो उठून गोठ्याकडं गेला. वहिनीनं पिशवी भरली. एसटीपर्यंत मी एकटीच गेले.

तिनं पुढं दुसरा संसार मांडला. मुलगी आहे, आईसारखीच फटकळ. भावाचंही दुसरं लग्न झालं, मूल नाही. चुलती म्हणते, पहिलीचा शाप. काळ माणसाला शहाणं करतो, असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. भाऊ पेन्शनीवर आलाय, झेंडावंदनाला गाव त्याला पुढं बसवतं. समोरच्याच गल्लीत आता मोठा दवाखाना झालाय. त्याची पायरी त्यानं अजून चढलेली नाही.