पिस्तुलाला लावलेलं गंध

एका भल्या माणसाच्या दुकानाचं नाव मी खराब केलं, आणि तेही विनोदी लेख लिहून. लोक हसले होते. मीही हसले होते, माझ्याच वाक्यांना. अकरा वर्षं झाली याला. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची तरुणी होते आणि आपल्याला आता सगळी अक्कल आलेली आहे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

पुण्यात तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि आम्ही दोघं मुलाकडे सिडनीला, कॅसल हिलला राहायला आलो. इथे आजीची कामं ठरलेली. नातीला शाळेतून आणायचं, शनिवारी वेंटवर्थव्हिलला जाऊन मेथी-कढीपत्ता आणायचा, मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसून डुलक्या काढायच्या. मला ते पुरेना. कॉलेजात शिकत असताना मी एनसीसीत रायफल चालवली होती, एक कपही मिळाला होता. त्या कपाची गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली होती की आमचे हे पाहुण्यांसमोर माझ्याआधी शेवट सांगून मोकळे व्हायचे. तर एकदा शहराबाहेर जाताना पिस्तूल क्लबाची पाटी दिसली, आणि मी मुलाला गाडी थांबवायला लावली.

इथे पिस्तूल घेणं म्हणजे कोथिंबीर घेणं नव्हे. अर्ज, पोलिसांची चौकशी, सुरक्षिततेचा वर्ग, क्लबात ठरावीक हजेरी, घरात भिंतीला बोल्टने जखडलेली तिजोरी, आणि शेवटी त्या एका पिस्तुलापुरती वेगळी परवानगी. हे सगळं माझ्याकडून न कंटाळता करून घेतलं ते क्लबातल्या एका म्हाताऱ्याने. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले, डोक्यावर कायम एक तेलकट टोपी. घराला लागूनच त्याचं छोटंसं बंदुकांचं दुकान होतं आणि रविवारी तो नवशिक्यांना फुकट शिकवायचा. माझ्या मागे उभा राहून एवढंच म्हणायचा, "श्वास सोड, लव्ह. निशाण कुठे पळून जात नाही." इथे लव्ह कुणीही कुणालाही म्हणतं. पण मी हे घरी सांगितल्यावर आमचे हे दोन दिवस मला त्याच नावाने चहा मागत होते.

त्याच्याच दुकानातून मी नेमबाजीचं नवंकोरं पिस्तूल घेतलं. त्याने स्वतः चालवून बघितलं, मला चालवायला लावलं. पहिले दोन रविवार ते असं चाललं की मीच मला आवडायला लागले.

मग आली खंडेनवमी.

आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात. हत्यारं कसली, पाटावर विळी, माझी शिवणाची कात्री, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप, गाडीची किल्ली. त्या वर्षी मी नातीचा कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि मधोमध रिकामं पिस्तूल ठेवलं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हिशेब लिहिणारे लोक, खऱ्या शस्त्राची पूजा करणारी पहिली मीच! कुंकू त्या गुळगुळीत लोखंडावर धरेना, म्हणून मी ते खोबरेल तेलात कालवलं आणि चांगलं ठसठशीत गंध लावलं.

"अगं, जरा बेताने. आत जाईल," हे म्हणाले.

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर सांभाळा," मी म्हणाले.

चौदा वर्षांची नात म्हणाली, "आजी, दॅट्स सो क्रिंज." क्रिंज म्हणजे बघणाऱ्यालाच लाज आणणारं. मी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पन्नास जणींनी हात जोडले.

पूजेचं गंध पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं, हे आमच्या आईचं शिक्षण. पण क्लबात लाल पिस्तूल कसं न्यायचं? म्हणून वरचं तेवढं रुमालाने टिपलं. आत उघडून साफ करायला हवं होतं, पण म्हटलं, नवीनच तर आहे.

हुशार वाचकाला इथेच सगळं कळलं असेल. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेला कळायला एक वर्ष लागलं.

पुढच्या रविवारी क्लबाची स्पर्धा होती. आमची रेंज दरीत, सकाळी चांगलीच गार. मी पुढे होते, दुसऱ्या फेरीपर्यंत पुढे होते, आणि पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडेना. अशा वेळी नळी निशाणाकडेच ठेवून, मोकळा हात वर करून अधिकारी येईपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. त्या सकाळी मी पाच वेळा पुतळा झाले. शेवटून दुसरी आले. शेवटचा होता त्याचा चष्मा घरी राहिला होता.

म्हाताऱ्याने दुपारी उन्हं वर आल्यावर तेच पिस्तूल घेतलं आणि पन्नास गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. डॉक्टरांच्या दारात गेल्यावर दाढ दुखायची थांबते, तसलं ते पिस्तूल. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा अडकलं, दुपारी पुन्हा ठणठणीत.

"मला ठेवून जा, उघडून बघतो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी गेले तर म्हणाला, "साफ केलंय. आता चालेल." आणि एक छोटी बाटली पुढे केली. "तेल मात्र हेच वापर हं. दुसरं कुठलं नको." असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, काउंटरकडे बघत होता.

मला ती नजर चोराची वाटली. परीक्षेत तीस वर्षं कॉप्या पकडलेली बाई मी. म्हटलं, याने आधी कुणाचं तरी परत आलेलं पिस्तूल मला नवं म्हणून दिलंय, आणि आता बाटली देऊन गप्प करतोय.

"साफ नको," मी म्हटलं. "वॉरंटी आहे. कंपनीकडे पाठवा. मला बदलून हवं."

"लव्ह, आता ते चालतंय."

"वॉरंटी म्हणजे वॉरंटी."

त्याने पिस्तूल परत आपल्याकडे ओढलं. मग म्हणाला, "नो वरीज," आणि कागद काढले. नव्या पिस्तुलासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी, सगळं त्यानेच भरलं. जानेवारीत दुसरं पिस्तूल हातात आलं. ते एकदाही अडकलं नाही. उन्हाळा गेला, थंडीच्या सकाळी गेल्या, एकदाही नाही. झालं, माझा मुद्दा सिद्ध झाला! पहिल्यातच खोट होती.

सिद्ध झालेला मुद्दा पोटात ठेवायची मला सवय नाही. क्लबाचं एक पत्रक निघायचं. त्यात मी इंग्रजीत लेख लिहिला. खराब निघालेल्या वस्तूला इथे लेमन म्हणतात, तर लेखाचं नाव दिलं 'लिंबाचं लोणचं कसं घालावं'. त्यात दुकानाचं नाव नव्हतं, पण तेलकट टोपी होती, काउंटरकडे बघणारे डोळे होते, तेलाची बाटली होती. क्लबातले लोक पिस्तूल घ्यायला जात ती दुकानं दोनच, आणि त्यातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर टोपी. रविवारी सॉसेज भाजता भाजता लोकांनी लेख मोठ्याने वाचला. मी पेपर प्लेट हातात धरून नम्रपणे हसत उभी. तो पलीकडे नवशिक्या पोराला पिस्तूल कसं धरायचं ते दाखवत होता. ऐकू येईल इतक्या अंतरावर होता.

त्यानंतर तो आणखी दोन-तीन रविवार आला. मग नाही आला. हिवाळा संपता संपता कळलं की दुकान बंद केलं, मुलीकडे जाणार आहे, देशाच्या पार पश्चिमेला, कालगुर्लीला. "वय झालं," लोक म्हणाले. मीही म्हणाले, "वय झालं."

मग पुन्हा खंडेनवमी आली. पुन्हा पाट, पुन्हा खोबरेल तेलातलं गंध. आणि पुढच्या रविवारी, गार सकाळी, वर्षभर न अडकलेलं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकलं.

मी हात वर करून उभी होते. अधिकारी येईपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांत मला कुणावर रागवायचं ते सुचेना.

घरी आले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, माहितीपुस्तिका उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पिस्तूल पूर्ण सोडवलं. झाकण सरकवल्याबरोबर वास आला. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेणीचा वास. आत पांढरट-लाल लगदा गोठून बसला होता. खोबरेल तेल थंडीत थिजतं. पुण्यात दर डिसेंबरात बाटली उन्हात ठेवणाऱ्या बाईला, तेल कुठल्या तापमानाला गोठतं हे फळ्यावर लिहून दिलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं? सकाळी अडकतं, दुपारी चालतं. याहून सोपं गणित मी अकरावीलासुद्धा घातलं नव्हतं.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. स्क्रूड्रायव्हरचा सूड घ्यायची एवढी चांगली संधी, ती त्यांनी सोडली. हळूच म्हणाले, "त्याला फोन कर."

मी नाही केला. खरं सांगायचं तर कारणंसुद्धा चांगली शोधली नाहीत. आज नंबर नाही, उद्या त्यांच्याकडे रात्र असेल. कालगुर्ली आपल्या दोन-तीन तास मागे आहे, अमेरिकेत नाही! पत्रकात दुरुस्ती लिहायची, तर पुढच्या अंकात लिहू. पुढचे अंक येत राहिले. लोक मला नवीन विनोदी लेख मागत राहिले आणि मी देत राहिले.

दहा वर्षं अशी गेली. शेवटी नातीनेच कोंडीत पकडलं. क्रिंज म्हणणारी ती मुलगी डॉक्टर झाली आणि तिची नेमणूक झाली कालगुर्लीच्या हॉस्पिटलात. मी तिच्याकडे गेले तेव्हा पर्थहून विमानात खिडकीबाहेर सगळी लाल माती होती, कुंकू सांडल्यासारखी. नको तिथे आठवण करून देणारी.

क्लबातून पत्ता मिळवला होता. नातीने गाडीतून सोडलं. तो व्हरांड्यात खुर्चीत बसला होता, टोपीशिवाय. मी ओळख सांगितली तर म्हणाला, "श्वास सोडतेस का अजून?"

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तुम्ही दिलेल्या पिस्तुलात काहीच दोष नव्हता."

"माहीत आहे. उघडल्याबरोबर वास आला. आमची ही समुद्रावर जाताना अंगाला लावायची, तेच तेल."

"मग सांगितलं का नाही?"

"लाल लावलेलं होतं ना. पुसट झाला होता, तरी डाग दिसत होता, इतका नीट, मधोमध. म्हटलं, तुमच्या देवाचं काही असणार, मी कोण बोलणारा? ज्यांनी पुसलं त्या चिंध्या कचऱ्यात नाही टाकल्या. मागच्या झाडाखाली पुरल्या." मग जरा घाबरून विचारलं, "बरोबर केलं ना?"

मी तिथेच पायरीवर बसले. मग विचारलं, "पण कंपनीने बदलून कसं दिलं?"

"कंपनी कशाला देईल? त्यात काही बिघडलंच नव्हतं. माझ्याकडचं दिलं एक."

"आणि दुकान? माझ्या लेखामुळे..."

"गुडघे," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. "गुडघ्यांमुळे बंद केलं. लेख मस्त होता तुझा. बायकोला वाचून दाखवला होता मी."

"त्या हसल्या?"

"नाही."

ती आत असेल म्हणून मी दाराकडे बघितलं. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "दोन वर्षं झाली तिला जाऊन."

परत आल्यावर मी पत्रकात सगळं लिहिलं. तेल, गंध, माझं रसायनशास्त्र, माझी अक्कल, काही सोडलं नाही. पत्रकाचा संपादक आता नवा पोरगा. त्याने विचारलं, "हा म्हातारा कोण?" लेख छापून आला त्या रविवारी सॉसेजच्या रांगेत एक जुना मेंबर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझा तो लिंबाचा लेख! आम्ही अजून नव्या लोकांना सांगतो." दुरुस्ती त्याने वाचली नव्हती. मी त्याला तिथेच धरून पूर्ण ऐकवली. त्याचं सॉसेज गार झालं. तो म्हणाला, "ओह," आणि सॉस घ्यायला गेला.

कालगुर्लीलाही एक प्रत पाठवली होती. तीन आठवड्यांनी कार्ड आलं, थरथरत्या अक्षरात: "वाचला. पहिला जास्त चांगला होता."